नागपूरच्या उन्हाळ्यात कुटुंबाची सुटी: मुक्काम, छंद आणि ले-आउटमधील कार्यक्रम यांची क्रमवार आखणी

सुटी लागताच पहिल्या आठवड्यात मुलांची नावे तीन-तीन वर्गांत घातली जातात, नवा तंबू घरी येतो, मुक्कामाचा बेत सर्वांना सोयीचा म्हणून मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी ठरतो, आणि १० मे उजाडेपर्यंत पोहण्याचा वर्ग सोडून बाकी सारे थंडावलेले असते. आमच्या ले-आउटमध्ये, म्हणजे वसाहतीत, हे दरवर्षी घडते आणि दोन वर्षे आमच्याही घरी घडले. ठरवलेल्या गोष्टी चांगल्याच असतात. चुकतो तो त्यांचा क्रम. नागपुरात उन्हाळ्याची आखणी आधी उन्हाकडे पाहून आणि मग आवडीकडे पाहून करावी लागते. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत आणि ते शक्यतो मागेपुढे करू नयेत.

टप्पा १: दिनदर्शिकेचे चार भाग करणे

भिंतीवरची दिनदर्शिका काढून टेबलावर ठेवावी आणि एप्रिलच्या मध्यापासून शाळा उघडेपर्यंतच्या काळाचे पेन्सिलीने चार भाग पाडावेत. विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या उत्तरार्धात उघडतात, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी केलेली आखणी जशीच्या तशी उचलू नये.

पहिला भाग साधारण ५ मेपर्यंतचा. दुपार तापलेली असली तरी रात्री उघड्यावर झोप लागते, म्हणून बाहेरचा मुक्काम याच भागात बसवावा. दुसरा भाग ५ ते २४ मेचा. यात घरातील छंद आणि ले-आउटमधील संध्याकाळचे कार्यक्रम ठेवावेत. तिसरा भाग नवतपाचा, म्हणजे सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो तेव्हापासूनचे, साधारण २५ मेपासूनचे नऊ दिवस. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंश सेल्सिअसवर गेला होता, तोही नवतपा लागण्याच्या आधी. या भागात घराबाहेरचा एकही मोठा कार्यक्रम लिहू नये. चौथा भाग ३ जूनपासून पुढचा. तेव्हा उकाडा वाढतो, वावटळी येतात, महिन्याच्या मध्याच्या सुमारास पाऊस येतो आणि बिया, रोपे यांची कामे निघतात.

यानंतर लग्नाच्या पत्रिका आणि मामाच्या गावचे दिवस लाल शाईने लिहावेत. हे दिवस हलत नाहीत, म्हणून ते आधी लिहायचे. अमावास्या आणि पौर्णिमाही याच वेळी खुणावून ठेवाव्यात, कारण तारे पाहायचे असल्यास अमावास्येच्या जवळचा शनिवार लागतो आणि लहान मुलांना अंधाराची भीती वाटत असल्यास पौर्णिमेच्या जवळचा.

तपासणी: एकाच आठवड्यात मुक्काम आणि कार्यक्रम दोन्ही आले असतील तर एक पुढे ढकलावा. मुक्कामानंतर सामान धुऊन, वाळवून, जागच्या जागी जायला चार दिवस लागतात.

टप्पा २: दिवसाचे घड्याळ ठरवणे

मे महिन्यात नागपुरात सूर्योदय साडेपाचच्या आणि सूर्यास्त पावणेसातच्या आसपास होतो. बाहेरची कामे सकाळी साडेपाच ते साडेआठ आणि संध्याकाळी साडेसहानंतर करावीत. अकरा ते पाच या वेळात मुले घरातच राहतील असे गृहीत धरूनच बाकीचे ठरवावे. कोणत्याही वर्गात नाव घालण्यापूर्वी वर्ग सुटण्याची वेळ विचारावी. साडेनऊला सुरू होणारे शिबिर साडेअकराला सुटते आणि मूल नेमके डोक्यावरच्या उन्हात सायकलने घरी येते.

सावधान: दुपारी मुले घरात एकटी असतील तर कूलरमध्ये पाणी भरण्याचे काम त्यांच्यावर सोपवू नये. कूलर बंद करून, प्लग काढून, मगच टाकीला हात लावायचा, हा नियम मोठ्यांनीही पाळावा. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी, कारण डासाच्या अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण तेवढाच अवधी लागतो.

टप्पा ३: प्रत्येक मुलामागे एकच छंद

छंद निवडताना त्यातून शेवटी हातात काय येणार हे विचारावे. "चित्रकला शिकणार" हा छंद लवकर विझतो. "घरातल्या बरण्यांसाठी बारा चिठ्ठ्या रंगवणार" हा टिकतो. एका मुलामागे एक छंद आणि त्याला दोन आठवडे पुरेत. सामान पहिल्याच दिवशी पूर्ण आणू नये. तीन दिवस मूल स्वतःहून बसले तरच बाकीचे आणावे. नागपुरात मे महिन्यातच जमतात असे तीन छंद येथे सुचवतो.

पहिला छंद सरगुंड्यांचा, म्हणजे कणकेच्या वेटोळ्या वाळवणाचा. कणीक घट्ट मळून तिची बारीक वळी करायची, ती गुळगुळीत काडीवर फिरवत गुंडाळायची आणि काडी हळूच ओढून घ्यायची. सात वर्षांच्या मुलाच्या बोटांना हे काम मोठ्यांपेक्षा चांगले जमते. वेटोळी एकमेकांवर चढू देऊ नयेत, एवढेच पाहावे लागते. आमच्या घरी ते सुती धोतरावर पंख्याखाली पसरतात, कारण थेट उन्हात त्यांना तडे जातात आणि शिजवताना त्यांचा भुगा होतो. पूर्ण वाळल्याची खूण आवाजाची: दोन सरगुंडे एकमेकांवर आपटले की खडखड वाजले पाहिजेत. मंद आवाज आला तर डबा भरू नये. आठवड्याने पाहुणे आले की शिजवून आमरसाबरोबर वाढावेत. आपण केलेले पदार्थ पाहुणे खातात हे मुलाने पाहिले की दुसरा घाणा तेच मागते.

दुसरा छंद सावलीचा आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे नागपुरात वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. पहिला दिवस २६ मेच्या आसपासचा आणि वेळ दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमाराची. १० मेपासून एक दिवसाआड त्याच वेळी, गच्चीत उभ्या ठेवलेल्या नळकांड्याच्या सावलीभोवती मुलांनी खडूने रेघ मारावी आणि लांबी वहीत लिहावी. सावली आखडत आखडत बुडाखाली जाते. नवतपात केलेला बाहेरचा हा एकच अपवाद, तोही पाच मिनिटांचा, पायांत चपला आणि डोक्याला दुपट्टा बांधून. हमखास होणारी चूक म्हणजे नळकांडे वाकडे ठेवणे. ओळंब्याने ते सरळ उभे आहे याची खात्री आधी करावी.

तिसरा छंद बिया गोळा करण्याचा. पळस, चिंच, बहावा आणि जांभूळ यांच्या बिया शहरातच रस्त्याच्या कडेला मिळतात. पळसाच्या चपट्या शेंगा मे महिन्यात वाऱ्याबरोबर खाली येतात. बहाव्याच्या बीचे कवच कठीण असते, म्हणून ती खरखरीत दगडावर थोडी घासून मग भिजवावी. चिंचोका रात्रभर पाण्यात ठेवला तरी पुरतो. कडुनिंबाची गोष्ट वेगळी आहे. निंबोळी जूनमध्ये पिकते आणि तिची उगवण्याची शक्ती दोन-तीन आठवड्यांतच घटते. निंबोळ्या डब्यात भरून पुढच्या वर्षासाठी ठेवणारे दरवर्षी निराश होतात. ती गोळा करावी, गर काढावा आणि त्याच आठवड्यात पिशवीत लावावी.

टप्पा ४: गच्चीवरची सरावाची रात्र

हा टप्पा बहुतेक लोक गाळतात आणि मग रात्री अकराला शेतात तंबूच्या नळ्या जुळवत बसतात. बाहेरच्या मुक्कामाआधी किमान आठ दिवस एक रात्र गच्चीवर काढावी. एप्रिलमध्येही स्लॅब मध्यरात्रीपर्यंत गरम राहतो. म्हणून साडेसहाला आणि आठला, असे दोनदा पाणी शिंपडावे. एकदाच शिंपडले तर वाफ येऊन अधिकच उकडते. कठड्याची उंची लहान मुलाच्या छातीच्या वर आहे का ते पाहावे, नसल्यास मुलाला मधे झोपवावे.

तंबू मुलांनीच उभारावा आणि मोठ्यांनी घड्याळ लावून बसावे. पहिल्यांदा आमच्या मुलींना पन्नास मिनिटे लागली, तिसऱ्यांदा अठरा. गच्चीत खुंट्या ठोकता येत नाहीत, म्हणून चारही कोपऱ्यांत पाण्याने भरलेल्या कॅन आतून ठेवाव्यात. आम्ही एका वर्षी "वारा नाही" म्हणून ते केले नाही. रात्री दोनच्या सुमारास वावटळ आली आणि सकाळी तंबू शेजारच्यांच्या पाण्याच्या टाकीवरून उतरवावा लागला. सुदैवाने उकडते म्हणून आम्ही सारे तेव्हा बाहेर बाजेवर झोपलो होतो.

याच रात्री एक निर्णय घ्यायचा असतो: तंबू खरेच लागतो का? नायलॉनच्या तंबूत वरचे आच्छादन काढल्याशिवाय झोप येत नाही. अनेक कुटुंबांना दोन बाजा आणि दोन मच्छरदाण्या अधिक सोयीच्या ठरतात. माझा कल बाजेकडे आहे. मुलांचा तंबूकडे असतो. तडजोड म्हणून तंबू मुलांचा, बाज मोठ्यांची.

तपासणी: सकाळी उठून वहीत फक्त दोन गोष्टी लिहाव्यात: रात्री काय शोधावे लागले आणि काय वापरलेच नाही. मुक्कामाची यादी या वहीतूनच तयार होते.

टप्पा ५: बाहेरचा मुक्काम

*जागा आणि परवानगी.* राखीव जंगलात मनाला येईल तेथे तंबू ठोकता येत नाही. हा विषय येथेच संपवावा. उरतात तीन पर्याय. ओळखीच्या माणसाचे शेत, रामटेकजवळ खिंडसी तलावाच्या परिसरातील रीतसर निवासाची जागा, किंवा पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या सिल्लारी प्रवेशद्वारापाशी असलेली निवासव्यवस्था. रामटेक नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटर आहे, सिल्लारी सुमारे ७०. तारे पाहणाऱ्यांनी पेंचचा विचार आधी करावा, कारण महाराष्ट्रातील पेंच प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले 'डार्क स्काय पार्क' म्हणून मान्यता मिळाली आहे. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी मात्र शेत निवडावे.

काटोल-कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागेत मुक्काम असेल तर मालकाला एक प्रश्न आवर्जून विचारावा: बाग ताणावर आहे का? मृग बहार (पावसाच्या सुरुवातीला येणारा फुलोरा) घेणारे शेतकरी एप्रिल-मेमध्ये झाडांचे पाणी तोडतात. अशा वेळी हात धुतलेले किंवा आंघोळीचे पाणी आपुलकीने झाडाच्या आळ्यात सोडणे म्हणजे त्याच्या बहाराशी खेळणे होय.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग मचाणांवर बसून प्राणी पाहण्याचा उपक्रम राबवतो. तो सुंदर असतो, पण तो मुक्काम नव्हे. रात्रभर न बोलता बसायचे असते. लहान मुलांना घेऊन त्याची नोंदणी करू नये.

*पाणी.* चार जणांच्या एका रात्रीसाठी, म्हणजे दुपारी चारपासून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत, पिण्याचे १५ लिटर आणि हात-तोंड-भांडी यांसाठी आणखी २० लिटर धरावे. "तिथे विहीर आहे" या भरवशावर निघू नये. मे महिन्यात विहिरीला पाणी आहे का आणि दोर आहे का, या दोन वेगळ्या गोष्टी असतात. सोबत ओआरएसची चार पाकिटे असावीत. सर्वांत जास्त चूक येथे होते: अर्धे पाकीट पेल्यात घातले जाते. पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचे असते. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पन्हे चवीसाठी उत्तम आहे, पण उलट्या-जुलाबात ते ओआरएसची जागा घेत नाही.

*पोहोचल्यावरचा क्रम.* पाचपर्यंत पोहोचावे आणि उजेड असेपर्यंत पुढील कामे याच क्रमाने करावीत.

१. जागा फिरून पाहणे. कोरड्या नाल्याचे पात्र, वाळलेल्या मोठ्या फांदीखालची जागा आणि मोहाच्या झाडाचा आसपास टाळावा. मोहफुलांच्या वासावर अस्वले येतात आणि एप्रिलमध्ये फुले संपलेली नसतात.
२. चार पावलांपर्यंतचे वाळलेले गवत आणि पाने हाताने नव्हे, काठीने बाजूला करणे.
३. तंबू उभारणे, मच्छरदाण्या बांधणे.
४. शौचाची जागा ठरवून तेथपर्यंतची वाट मुलांना उजेडात चालून दाखवणे.
५. यानंतर चहा. चहा आधी झाला की उरलेले सारे अंधारात होते.

सावधान: शेकोटी पेटवू नये. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा जंगलातील वणव्यांचा काळ मानला जातो, आणि राखीव जंगलात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. शेतातही लहान गॅस शेगडी आणि शेजारी भरलेली बादली एवढेच असावे. तलावाच्या काठी मुक्काम असेल तर पोहण्याचा विषय निघू देऊ नये; उन्हाळ्यात पाणी मागे सरते आणि उघड्या पडलेल्या गाळात पाय रुततो.

*रात्र.* मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावल्याचे अनेकदा जाणवतही नाही. त्यामुळे उघड्या सतरंजीवर कोणीही झोपू नये. बाजेवर मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचाव्यात, तंबूची चेन पूर्ण ओढावी, बूट तंबूच्या आत ठेवावेत आणि सकाळी झटकूनच घालावेत. कोणाला कारण नसताना पोटात दुखू लागले, पापण्या जड झाल्या किंवा गिळताना त्रास झाला तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करून रुग्णालयाकडे निघावे.

जेवण झाल्यावर उत्तरेकडे सप्तर्षी शोधावेत. त्यांच्या शेपटीची कमान पुढे वाढवली की स्वाती मिळते, तीच कमान आणखी पुढे नेली की चित्रा. उशिरापर्यंत जागे राहिल्यास आग्नेयेकडून वृश्चिक राशी वर आलेली असते आणि तिच्यातील तांबूस ज्येष्ठा मुले स्वतःच ओळखतात. एका रात्रीत एवढे पुरे.

मेघगर्जना ऐकू आली तर झाडाखाली किंवा तंबूत थांबू नये. सर्वांनी गाडीत बसून काचा लावाव्यात आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. विजेची पूर्वसूचना देणारे 'दामिनी' ॲप निघण्याआधीच फोनमध्ये घालून ठेवावे.

*परत येणे.* पाचला उठावे, आठपर्यंत गाडी भरलेली असावी, साडेदहाच्या आत घरी पोहोचावे. "पोहे खाऊन निघू" या एका वाक्याने अनेक मुक्काम बिघडतात. तर्री-पोहे परतीच्या वाटेवर खावेत. ऊन लागल्याची लक्षणे परतीच्याच प्रवासात दिसतात. अंग तापणे, असंबद्ध बोलणे, झटके किंवा शुद्ध हरपणे यांपैकी काही दिसल्यास सावलीत नेऊन, अंगावर पाणी ओतून, वारा घालून आधी शरीर थंड करावे आणि त्याच वेळी १०८ ला कळवावे. शुद्धीवर नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नये.

टप्पा ६: ले-आउटमधील कार्यक्रम

स्वतःचा कार्यक्रम करण्याआधी दुसऱ्याच्या कार्यक्रमात काम करावे. १४ एप्रिलला आंबेडकर जयंतीनिमित्त शहरात जागोजागी पाणी आणि सरबत वाटले जाते. तेथे दोन तास पेले विसळण्याचे काम मागून घेतले की गर्दी, रांग आणि कचरा यांबद्दल पुरेसे कळते.

कुटुंबाने चार शेजाऱ्यांसह करण्यासारखा सर्वांत चांगला उपक्रम पाणपोईचा आहे. जागेच्या मालकाला विचारावे, आणि जागा रस्त्यालगतची सार्वजनिक असेल तर महानगरपालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात आधी चौकशी करावी. त्यानंतरचे काम सावली मोजण्याचे. आम्ही पहिल्या वर्षी सकाळी दहाला कडुनिंबाखाली गार सावली पाहून माठ मांडले. दीडला ते भर उन्हात होते आणि तीनला त्यातले पाणी कोमट. आता आदल्या दिवशी अकरा, एक, तीन आणि साडेचारला मुलांनी सावलीच्या कडेला खडूने रेघ मारायची आणि चारही रेघांच्या आत येणाऱ्या तुकड्यातच माठ मांडायचे, असा रिवाज पडला आहे.

नवा माठ चोवीस तास पाण्याने भरून ठेवावा आणि ते पाणी झाडांना घालावे. माठ ओल्या वाळूवर ठेवावेत, पेला कोणी आत बुडवू नये म्हणून लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे, झाकणावर ओले फडके टाकावे. माठ रोज सकाळी रिकामा करून आतून हात फिरवून धुवावा. बाहेरची बाजू साबणाने घासू नये, छिद्रे बुजतात आणि पाणी गार होत नाही.

तपासणी: पाळीपत्रकात नवव्या दिवसाचे नाव कोणाचे आहे ते पाहावे. पहिल्या तीन दिवसांसाठी सारेच तयार असतात. पाणपोया दुसऱ्या आठवड्यात बंद पडतात, म्हणून तेवढी नावे मिळेपर्यंत पहिला माठ भरू नये.

संध्याकाळचा एखादा कार्यक्रम (मुलांची नाटुकली, छंदांतून केलेल्या वस्तूंची मांडणी, अंताक्षरी) सातला सुरू करून साडेनऊला संपवावा. ध्वनिक्षेपक रात्री दहानंतर लावता येत नाही, आणि सातच्या आधी खुर्च्याच बसू देत नाहीत. मे महिन्याच्या संध्याकाळी वीज जाते हे गृहीत धरून चार्जिंगचे दोन दिवे आधीच भरून ठेवावेत. खाण्यासाठी चिवडा, कच्चा कांदा आणि पन्हे ठेवावे. दुधाचे पदार्थ आणि आमरस बाहेर ठेवू नये. पन्ह्यात बर्फ घालायचा असेल तर तो पिण्याच्या पाण्याचा, घरी केलेला असावा.

टप्पा ७: जूनमधील आवराआवर

५ जूनच्या पर्यावरण दिनी रोपे लावण्याचा आग्रह ले-आउटमध्ये दरवर्षी होतो आणि त्यातली बहुतेक रोपे १२ तारखेपर्यंत वाळतात. त्या दिवशी खड्डे खणावेत, माती उन्हाने तापू द्यावी आणि दोन चांगले पाऊस झाल्यावरच रोप लावावे. तंबू सावलीत पूर्ण वाळवून सैलसर गुंडाळावा. घट्ट घडी घातली की पावसाळ्यात त्याच रेषांवर बुरशी धरते. पहिला मोठा पाऊस झाला की पाणपोईचे आणि पक्ष्यांसाठी ठेवलेल्या पसरट भांड्यांचे पाणी ओतून द्यावे आणि माठ उपडे घालावेत. एखादा माठ तसाच भरलेला राहिला, तर जुलैत त्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसतात.